बेसिनखालची कुट्टी

यवतमाळला शिकायला येईपर्यंत कचरा दळायचं मशीन असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी त्याची गरजच नव्हती. भाजीचे देठ गाईला, शिळी पोळी कुत्र्याला, उरलंसुरलं उकिरड्यात, आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात. आमचं गाव बोरी अरबपासून थोडं आत आहे. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सध्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि काकूंच्या घराच्या मागच्या खोलीत राहते.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा बंगळुरूला असतो. काकूंचे गुडघे दुखायला लागले आणि सकाळी घंटागाडी आली की डबा घेऊन फाटकापर्यंत जाणं त्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा मुलाने एका दिवाळीत ते मशीन आणून बेसिनखाली बसवलं. दिसायला साधारण कळशीएवढं. वर बेसिनच्या भोकात त्याचं तोंड, खाली पोट, बाजूने पाइप, भिंतीवर बटण. ओला कचरा वरून टाकायचा, नळ सोडायचा, बटण दाबायचं. घर्र झालं की कचरा पाण्याबरोबर गेलेला असतो.

काकूंना त्याचं फार कौतुक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका वाण घेतल्यावर लगेच जात नसत, स्वयंपाकघरात रांग लावत. काकू पिळलेल्या लिंबाची साल टाकून बटण दाबायच्या आणि आवाज थांबला की म्हणायच्या, "बघा, गेली." बायका वाकून भोकात बघायच्या. जणू साल परत येऊन सांगणार होती कुठे गेली ते.

मी मात्र त्या बटणाला हात लावत नव्हते. मला कोणत्याच बटणाला पटकन हात लावता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही आमच्या गटातली मुलं वायरी जोडतात आणि मी आकडे लिहून घेते. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात. आपल्या हाताने काही जळालं तर ते भरून देणार कोण, हा विचार माझ्या डोक्यात आधी येतो, प्रयोग नंतर.

तर जानेवारीत बाबांनी एसटीत एक पोतं चढवून दिलं. तुरीच्या ओल्या शेंगा. पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं, बाबा शिवतात तसं, दुहेरी टाके घालून. त्या दिवशी काकू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी ठरवलं, त्या येईपर्यंत शेंगा मीठ घालून उकडून ठेवू. उकडल्या. चाखता चाखता सोलल्याही बऱ्याच. बेसिनमध्ये टरफलांचा ढीग झाला. आणि बेसिनच्या त्या काळ्या भोकाकडे बघताना मला आमच्या गोठ्यातलं कडबाकुट्टीचं मशीन आठवलं. त्यात ज्वारीचा कडबा घालायचा, मशीन तो बारीक तुकडे करून पलीकडे फेकतं. कडबा कसा घालायचा ते बाबांनी मला लहानपणी शिकवलेलं, हात मागे ठेवून, एकसारखा रेटा देत. हे त्याचंच शहरातलं भावंड, असं मला वाटलं. मी नळ सोडला, बटण दाबलं आणि मूठ मूठ टरफलं रेटत गेले.

खरं सांगते, मजा येत होती. मशीन खात होतं आणि मी भरवत होते. मी जवळजवळ गाणंच म्हणत होते. मग ढिगाबरोबर काहीतरी लांबट सर्रकन आत गेलं आणि आवाज बदलला. घर्रचं हूं झालं. मी बंद केलं, चालू केलं, परत बंद, परत चालू. चौथ्या वेळी वास आला. विहिरीवर मोटर असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. मोटर जळाली होती. बेसिनच्या कडेला मी सोडून ठेवलेली सुतळी जागेवर नव्हती.

मी बेसिन घासून लख्ख केलं. शेंगा काचेच्या वाडग्यात काढल्या. काकू आल्या, त्यांनी शेंगा खाल्ल्या, गोड आहेत म्हणाल्या, हात धुतले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "लोणच्याचा छोटा चमचा दोन दिवस सापडत नाहीये. मीच आत पाडला वाटतं."

मी तोंड उघडलं. त्यातून "हो का?" एवढंच निघालं.

ते दोन शब्द मी पुढचे अकरा दिवस वाहत होते. कारण काकूंनी त्या चमच्यावर मोठीच इमारत बांधली. आधी त्या नुसतं चुकचुकल्या. मग एकदा दुधाच्या पातेल्याखालचा गॅस बारीक करायला विसरल्या तेव्हा म्हणाल्या, "बघ, हे असं. आधी चमचा, आता दूध. माझं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही." दूध तर सगळ्यांचंच उतू जातं. पण काकूंनी आयुष्यभर फायली लावल्या होत्या. एकदा स्वतःविरुद्ध फाईल उघडल्यावर त्या तिच्यात कागद लावतच गेल्या.

दर रविवारी बाराच्या सुमारास मुलाचा फोन यायचा. आई, आता इकडेच राहायला ये, हे घर बंद करू, असं तो दर वेळी म्हणायचा आणि काकू दर वेळी, "माझं इथं बरं चाललंय," असं सांगून विषय संपवायच्या. त्या रविवारी मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. काकू फोनवर म्हणाल्या, "चमचा टाकला रे मी मशीनमध्ये. कळलंसुद्धा नाही." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते. बघ तिकिटाचं."

माझ्या हातातली कोथिंबीर देठासकट वाटीत पडली. घर बंद झालं तर माझी खोली जाणार, हे मला कळत होतं. पण त्याहून वाईट हे होतं की एक शहाणं, ठणठणीत माणूस माझ्या एका "हो का"मुळे स्वतःला म्हातारं समजायला लागलं होतं.

मुलाने नवं मशीन पाठवलं, ते शुक्रवारी आलं. शनिवारी काकूंनी प्लंबरला बोलावलं. तो बेसिनखाली डोकावला, बाहेर आला, खोक्यावरचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"काकू, असं मशीन म्या आजपर्यंत नाई पाह्यलं," तो म्हणाला. "हे काढून साधा पाइप टाकून देतो. कायले डोक्याले ताप?"

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "तसंही आता किती दिवस लागणार आहे ते."

प्लंबर चहा पिऊन गेला. काकू खोक्याला परत चिकटपट्टी लावायला लागल्या. आणि मी म्हणाले, "काकू, आपण बसवून बघायचं का?"

हे मीच बोलले का, हे बघायला मी जवळजवळ मागे वळले. माझा बेत असा होता की मशीन बसेल, चालेल, काकूंचा मूड सुधारेल, आणि सांगायची वेळच येणार नाही. भित्र्या माणसाचे बेत असेच असतात. कबुलीऐवजी तो आख्खं मशीन बसवायला तयार होतो.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला येतं?"

"नाही."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या. "उद्या नऊला सुरू करू."

रविवारी नऊला मी आंघोळ करून, जुना पंजाबी ड्रेस घालून हजर. काकू स्टुलावर बसलेल्या, मांडीवर मशीनचं इंग्रजी माहितीपत्रक, कानामागे पेन्सिल. काकांची हत्यारांची पेटी त्यांनी रात्रीच पुसून ठेवली होती. पकड, पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, सगळं वर्तमानपत्रावर ओळीने. बाजूला बादली, घमेलं, फडकी.

"मुद्दा क्रमांक एक," काकूंनी वाचलं, "काम सुरू करण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित करावा."

मी बटण बंद करून प्लग काढला.

"खंडित केला?"

"केला."

काकूंनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पण मराठीत आणताना त्याचं आपोआप परिपत्रक होत होतं. "मुद्दा क्रमांक दोन. सांडपाण्याची नलिका विलग करावी. विलग करताना आतील पाणी सांडण्याची शक्यता असल्याने योग्य ती खबरदारी घ्यावी."

मी योग्य ती खबरदारी म्हणून बादली ठेवली, नट फिरवला, आणि पाणी बादली सोडून माझ्या बाहीत गेलं. अकरा दिवस तुंबलेलं पाणी. त्याच्या वासाबद्दल लिहीत नाही.

"शक्यता असल्याने असं लिहिलंय," काकू म्हणाल्या. "खात्रीने असं नाही लिहिलं." आणि त्यांच्या तोंडातून फुस्स असं हसण्यासारखं काहीतरी निघालं. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

पुढे मशीन वरच्या कड्यातून सोडवायचं होतं. कडं गंजलेलं, ते हलेना. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मोटरचं काही असलं की आमच्या गावात लोक बाबांना बोलावतात, विहिरीतली पाणबुडी मोटर तर ते झोपेतही काढतील. बाबा तुरीच्या शेतात होते. मी फोन कांद्याच्या टोपलीत कांद्यांना टेकवून उभा केला.

"कोठं घुसली वं तू?" बाबा म्हणाले. "निस्ते पाय दिसून राह्यले."

"बेसिनच्या खाली, बाबा. काकूंचं मशीन काढून राह्यली."

"तू?" एवढंच विचारून ते थांबले. मग गंभीर झाले. "कडं नाई फिरत? मंग जोर नको लावू. थोडंसं खोबऱ्याचं तेल सोड अन् पान्याच्या मुठीनं हळूहळू ठोक. त्याले वाटलं पायजे का कोणी दार वाजवून राह्यलं."

काकूंनी कपाटातून तेल आणून दिलं. स्वतःचं केसांचं. मी दार वाजवत राहिले.

मागून आईने फोन ओढून घेतला. "माय, घरी सांगतलं तं साधी चिमणी पुसत नव्हती तू. अन् लोकाच्या घरी मोटर काढून राह्यली."

"वहिनी, लोकाचं घर कसं," काकू स्टुलावरून म्हणाल्या. आईला ते अपेक्षित नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि फोन परत बाबांच्या हातात दिला.

मी बेसिनखालच्या कपाटाच्या आत उताणी पडले होते. डोकं आत, पाय फरशीवर. मला फक्त बेसिनचं पोट दिसत होतं आणि काकूंच्या चपला. कडं एक बोटभर फिरलं. मग आणखी एक. मशीन सुटलं की चमचा शोधायला ते उलटं करायचं, आतलं काढायचं, हे मला तेव्हा लख्ख समजलं. आत चमचा नसणार. सुतळी असणार. माझा बेत घमेल्यात ओतला जाणार होता.

मला वाटतं, काकूंचा चेहरा दिसत असता तर मी बोलले नसते. चपलांशी बोलणं सोपं असतं.

"काकू," मी म्हणाले, "आत चमचा नाहीये."

"तुला दिसतंय का तिथून?"

"नाही. म्हणजे, मला माहीत आहे. मशीन मी बंद पाडलं. तुम्ही डॉक्टरकडे गेल्या होत्या ना, त्या दिवशी. मी त्यात शेंगांची टरफलं रेटली. कुट्टीत रेटतात तशी. त्याच्यासोबत पोत्याची सुतळी गेली. आणि मी परत परत बटण दाबलं म्हणून मोटर जळाली. तुमचं डोकं चांगलं आहे, काकू."

चपला हलल्या नाहीत.

"अकरा दिवस," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी स्वतःला विसरभोळी म्हणत होते, आणि तू तिथं उभी राहून ऐकत होतीस."

"हो."

आता चपला गेल्या. खोलीत जाऊन दार लावण्याचा आवाज येईल असं मला वाटलं, आणि मी तिथेच पडून राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. दोन्ही हात कड्याला धरलेले. तेवढ्यात कांद्याच्या टोपलीतून आवाज आला.

"सुतळी? कोणती सुतळी वं?"

फोन चालूच होता. मी विसरले होते.

"ताई," बाबा कांद्यांमधून म्हणाले, "ते पोतं म्या शिवलं होतं. एवढी लांब सुतळी कायले लावा लागत होती? चूक माही हाय. अन् कुट्टीत कसं घालाव तेही म्याच शिकवलं तिले. सुतळी पहिले बाजूले फेक, हे शिकवाचं राहून गेलं. थ्रेशरमंदी दर साली आमच्या गावात कोणाची ना कोणाची सुतळी गुंडाळल्या जाते."

काकू गेल्या नव्हत्या. टोपलीपाशी गेल्या होत्या. "तुमची कसली चूक," त्या म्हणाल्या. "मी हळदीकुंकवाला सगळ्या गावाला मशीन दाखवत बसले. पण पोरीला एकदा जवळ घेऊन नीट शिकवलं नाही. चूक माझी आहे."

"नाई ताई, सुतळी माही."

"अहो, मशीन माझं."

"काकू, बटण मी दाबलं," मी आतून म्हणाले.

"तू कडं फिरव," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कसातरीच येत होता. मला वाटलं रडताहेत. मी मान वाकडी करून बाहेर पाहिलं तर त्या ओट्याला धरून हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा काढून. मला बघून त्या म्हणाल्या, "तीन तीन आरोपी आणि तिघांचीही कबुली. नोकरीत असं प्रकरण मला एकदासुद्धा मिळालं नाही."

मग मलाही हसू आलं आणि हसण्यात हात ढिले झाले, कडं सुटलं, आणि मशीन आख्खंच्या आख्खं माझ्या पोटावर आलं. फार लागलं नाही. पण मला बाहेर निघता येईना आणि हसणं थांबवता येईना. शेवटी काकूंनी माझे पाय धरून मला ओढलं. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईने. मी मशीन पोटाशी धरून फरशीवरून घसरत बाहेर आले.

घमेल्यात उलटं केलं. टरफलं, काळं पाणी, आणि मधोमध सुतळी, दातांच्या चकतीभोवती रिळासारखी घट्ट गुंडाळलेली. काकूंनी स्क्रूड्रायव्हरने सगळं चाळून पाहिलं. चमचा नव्हता. तेवढ्यात त्यांना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ दिसली. मशीन अडकलं तर बुडाशी असलेल्या भोकात किल्ली घालून फिरवावे, मोकळे होते. बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. किल्ली खोक्यात होती. जुन्या मशीनची किल्लीही काकूंच्या फायलीत, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवलेली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि काकूंनी ते पान उलटून ठेवलं.

नवं मशीन बसवणं सोपं असेल असं वाटलं होतं. बेसिनच्या भोकात वरून चकती, तिच्याखाली रबर, खालून कडं आणि तीन स्क्रू, इथपर्यंत ठीक झालं. बाबा म्हणाले, "एक पूर्ण नको कसू. तिन्ही थोडे थोडे कस, ट्रॅक्टरच्या चाकाचे कसतेत तसे." तसं केलं. पण मग ते जड मशीन एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने कड्यात फिरवायचं होतं. मला दोन्ही हातांनीही ते वर धरवत नव्हतं. तीनदा उचललं, तीनदा खाली आलं.

"खालून टेका दे," बाबा म्हणाले. "डबा ठेव. त्याच्यावर काही रच."

पिठाचा रिकामा डबा उलटा ठेवला. त्यावर मशीन ठेवलं तर कड्यापासून वीतभर खाली. मी खोलीत पळत गेले आणि हाताला लागली ती पुस्तकं घेऊन आले. मशीन उचलायचं, खाली एक पुस्तक सरकवायचं. भौतिकशास्त्र, मग रसायनशास्त्र, मग गणिताची दोन.

"पुस्तकं भिजवू नको वं," बाबा म्हणाले. त्यांचा एवढा काळजीचा आवाज मी मशीन पोटावर पडलं तेव्हाही ऐकला नव्हता.

अजून दोन बोटं कमी पडत होती. काकू उठून आत गेल्या आणि जाड, निळ्या बांधणीचं एक पुस्तक घेऊन आल्या. सेवेचे नियम. "पस्तीस वर्षं सांभाळलंय," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कोणाला तरी वर जायला उपयोगी पडेल." सरकवलं. बरोबर बसलं, केसभरही कमीजास्त नाही. मी दोन्ही हातांनी कडं फिरवलं. खट् असा आवाज झाला. मी हात सोडले. पुस्तकं एकेक काढली. मशीन वर लटकून राहिलं.

मी हे नीट सांगू शकेन की नाही, माहीत नाही. माझ्या हाताने अडकवलेली एक वस्तू तिथे लटकत होती आणि पडत नव्हती. मी तिच्याकडे बघतच बसले.

"मुद्दा क्रमांक अकरा," काकू म्हणाल्या, "पाणी सोडून गळती तपासावी."

पाइप जोडून पाणी सोडलं. जोडावरून गळायला लागलं. टप, टप, मग धारच. नट आणखी कसला, तरी धार. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाराला फोन येणार हे काकूंनाही माहीत होतं आणि मलाही, पण दोघींनी घड्याळाकडे एकेकदाच पाहिलं.

"चुडीवर काही गुंडाळलं का?" बाबांनी विचारलं. नटाच्या आट्यांना आमच्याकडे चुडी म्हणतात.

"नाही."

"मंग गळनच ना. सुतळी पिंजून गुंडाळ, वरून थोडा रंग लाव, अन् कस. सुतळी पाणी पेली का फुगते, मंग थेंब नाई येत."

मग काकूंनी घमेल्यातून जळक्या मोटरची सुतळी स्क्रूड्रायव्हरने उचलली, नळाखाली धुतली, आणि उजेडात धरली. "पिंजायचं कामही मशीनने करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. फाटकाला लावून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा त्यांनीच उघडला. मी आट्यांवर सुतळी गुंडाळली, ज्या बाजूला नट फिरतो त्याच बाजूने, बाबांनी दोनदा बजावलं होतं. रंग लावला. कसला. पाणी सोडलं.

आम्ही तिघं वाट बघत होतो, दोघी फरशीवर आणि एक कांद्यांमध्ये. एक थेंब जोडावर आला, लोंबला, आणि तिथेच राहिला. दुसरा आलाच नाही.

काकूंनी लिंबाची साल टाकली. "तू दाब," त्या म्हणाल्या.

मी दाबलं. घर्र झालं. तोच आवाज, हूं नाही. काकूंनी बायकांना सांगतात त्याच सुरात सांगितलं, "बघा, गेली." बाबा तिकडे शेतात कोणाला तरी म्हणत होते, "माह्या पोरीनं बसवलं. यवतमाळात."

फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि काकूंच्या नाकाला रंग लागलेला होता. मी तो पुसा म्हणणार होते, पण त्यांनी फोन उचललाही. मी बादली घेऊन बाहेर जायला निघाले, तर त्यांनी हाताने थांब अशी खूण केली.

"बसवलं मशीन," त्या म्हणाल्या. "नाही, प्लंबर नाही. आम्ही दोघींनी, आणि एक गृहस्थ फोनवर होते." ऐकलं. "नाही, चमचा मी टाकला नव्हता. ते प्रकरण निकाली निघालं. तुला सविस्तर पत्र लिहीन." परत ऐकलं, बराच वेळ. मी बादलीच्या कडीकडे बघत होते.

"येईन की," काकू म्हणाल्या. "आठ दिवसांसाठी येईन. तिकीट दोन्हीकडचं काढ. परतीचं आधी काढ."

त्यांनी फोन ठेवला. पेन्सिल घेऊन मुद्दा क्रमांक अकरावर बरोबरची खूण केली आणि मग म्हणाल्या, "पुन्हा काही मोडलंस तर त्याच दिवशी सांगायचं. हसायला अकरा दिवस थांबणं मला परवडत नाही."

मी हो म्हणाले. या वेळी ते "हो का" नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेसिनच्या वरच्या टाइलवर काकूंच्या ठळक अक्षरात एक सूचना लागली. तिच्यात पाच मुद्दे आहेत आणि पहिला सुतळीचा आहे. खाली काकूंची सही आहे आणि शेजारी माझी, ती त्यांनीच करायला लावली. लोणच्याचा चमचा अजून सापडलेला नाही. आणि परवा बाबांनी हुरड्याचं पोतं पाठवलं, त्याचं तोंड आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं होतं, एकच साधी गाठ, हाताने सुटेल अशी.